टॅब हरवला किंवा चोरीला गेला तर: गोव्यातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

टॅब गेल्यावर बहुतेक लोक फोन गेल्यावर करतात तेच करू लागतात, आणि तिथेच फसतात. फोनमध्ये सिम असते, तो सतत नेटवर्कवर असतो आणि गेल्याचे तासाभरात कळते. टॅबचे तसे नाही. कितीतरी टॅब नुसत्या वाय-फायवर चालतात, दोन-दोन दिवस कपाटात पडून असतात, आणि ‘पोरे वापरतात’ म्हणून त्यांना पिनही लावलेली नसते. त्यामुळे शोधण्याची पद्धत वेगळी आणि आधीची तयारीही वेगळी. फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव, काणकोण इकडून लोक जे विचारतात, तेच प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरे देताना अँड्रॉइड टॅब आणि आयपॅड दोन्ही डोळ्यांसमोर ठेवले आहेत.

टॅब दिसत नाहीये. अगदी पहिली गोष्ट काय करू?

घरातल्या कोणाचाही फोन हातात घ्या. टॅब अँड्रॉइड असेल तर गूगलचे ‘फाइंड हब’ उघडा. हेच पूर्वीचे ‘फाइंड माय डिव्हाइस’. २०२५ मध्ये नाव बदलले. ॲप नसेल तर ब्राउझरमधूनही ते उघडता येते. आयपॅड असेल तर ॲपलचे ‘फाइंड माय’ उघडा किंवा आयक्लाउडच्या संकेतस्थळावर जा. टॅबमध्ये ज्या खात्याने लॉगिन केले आहे, तेच खाते इथे लागते. पुष्कळ घरांत नेमके इथेच अडते, कारण टॅब दुकानदाराने चालू करून दिलेला असतो आणि कोणता ईमेल घातला हे कोणालाच आठवत नाही.

आधी ‘आवाज वाजवा’ दाबा. टॅब सायलेंटवर असला तरी वाजतो. अँड्रॉइडवर हा आवाज पूर्ण मोठ्याने पाच मिनिटांपर्यंत चालतो. गादीखाली, गाडीच्या सीटमागे, पाटावरच्या वर्तमानपत्रांत तो सापडला तर प्रश्न मिटला.

वाजला नाही, किंवा टॅब घराबाहेर गेल्याची खात्री असेल, तर लगेच तो हरवल्याची खूण करा. आयपॅडवर याला ‘मार्क ॲज लॉस्ट’ म्हणतात; अँड्रॉइडवरही टॅब दुरून लॉक करून स्क्रीनवर संदेश आणि फोन नंबर ठेवण्याची सोय आहे. टॅब त्या क्षणी ऑफलाइन असला तरी आदेश देऊन ठेवा. तो पुन्हा नेटवर आला की आदेश लागू होतो. संदेशात घरचा पत्ता घालू नका. जवळच्या नातेवाइकाचा चालू नंबर आणि एक ओळ पुरे: ‘हा टॅब हरवला आहे, कृपया या नंबरवर फोन करा.’ शक्य असेल तर हीच ओळ हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहा. गोव्यात तुमची वस्तू कोकणी माणसाला सापडेल, बेळगावच्या ड्रायव्हरला सापडेल, नाहीतर झारखंडच्या वेटरला सापडेल.

आणि एवढ्यात काहीही पुसू नका. कारण पुढे येईल.

नकाशावर ‘ऑफलाइन’ किंवा जुनेच ठिकाण दाखवतोय. म्हणजे टॅब गेलाच का?

नाही. पण इथे टॅब आणि फोन यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा.

नकाशावरचा ठिपका टॅब स्वतः पाठवतो. त्यासाठी तो चालू असावा लागतो, त्यात तुमचे खाते असावे लागते, लोकेशन चालू असावे लागते आणि त्याला इंटरनेट मिळावे लागते. सिम असलेला टॅब वाटेतही नेटवर राहतो. नुसत्या वाय-फायचा टॅब मात्र घराचा उंबरठा ओलांडला की मुका होतो. त्यामुळे कित्येकांना ठिपका आपल्याच घरावर दिसतो आणि ते पुन्हा पुन्हा घरच धुंडाळत बसतात. अशा वेळी ठिपक्याखालची वेळ वाचा. ‘शेवटचे दिसले’ म्हणून जी वेळ दाखवतात ती टॅब नेटवर असल्याची शेवटची वेळ असते. आत्ता टॅब कुठे आहे ते त्यावरून कळत नाही.

यावर एक उपाय आहे. ॲपलच्या ‘फाइंड माय’च्या जाळ्यात आयपॅड नेटवर नसतानाही ब्लूटूथचा सूक्ष्म संकेत सोडतो. शेजारून जाणारा कोणाचाही आयफोन तो टिपतो आणि ठिकाण सांकेतिक रूपात तुमच्यापर्यंत पोचवतो. त्या आयफोनच्या मालकाला याची गंधवार्ताही नसते. गूगलनेही २०२४ पासून अँड्रॉइडसाठी असेच जाळे उभे केले आहे. पण गोव्यातल्या माणसाने एक सेटिंग जरूर पाहावे. गूगलचे जाळे मुळात ‘फक्त वर्दळीच्या भागांत’ चालेल असे ठेवलेले असते. कळंगुटच्या किनाऱ्यावर किंवा मडगावच्या बाजारात ते पुरते. सांगे, केपे, सत्तरीतल्या एखाद्या वाड्यावर, जिथून दिवसातून चारच फोन जातात, तिथे पुरत नाही. ‘फाइंड हब’च्या सेटिंगमध्ये ‘ऑफलाइन उपकरणे शोधा’ या भागात जाऊन ‘सर्व भागांत’ हा पर्याय निवडून ठेवा. माझ्या मते गावात राहणाऱ्यांनी हे आजच करावे.

बॅटरी संपली की सगळेच थांबते. बंद पडल्यावरही सापडण्याची सोय काही आयफोनांत आणि निवडक अँड्रॉइड फोनांत आहे. आयपॅडमध्ये ती नाही. म्हणून वाय-फायचा टॅब असेल तर पहिले काही तास फार मोलाचे.

आमच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्याचा टॅब जत्रेच्या रात्री गेला. मंडळाच्या जुन्या वहीतले सगळे अभंग, सूर-तालाच्या खुणांसकट, त्याने पान पान फोटो काढून त्यात ठेवले होते. टॅब नुसता वाय-फायचा. ठिपका घरावरच, वेळ दुपारची, घरून निघण्याआधीची. नेटचा काही उपयोग नव्हता. तो सापडला तो कव्हरच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीमुळे. तिच्यावर नाव नव्हते, फक्त ‘हा टॅब सापडल्यास’ आणि फोन नंबर, वरून सेलोटेप मारलेला. मंडपवाल्याच्या पोरांनी सतरंज्या गुंडाळताना टॅबही आत गुंडाळला होता. दुसऱ्या गावच्या मंडपात सतरंजी उलगडली तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचून फोन केला. तेव्हापासून मी टॅब असलेल्या प्रत्येकाला आधी चिठ्ठी लावायला सांगतो, ॲपचे नंतर.

ठिपका एका घरावर दिसतोय. जाऊन मागू का?

एकट्याने जाऊ नका. ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ असते, त्यात कुठेही टॅब असू शकतो. दाट वस्तीत त्या वर्तुळात पाच-सहा घरे बसतात. त्यातून वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतेच. आसपासच्या वाय-फायच्या ओळखीवरून तो ठिकाणाचा अंदाज बांधतो, आणि हा अंदाज शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवू शकतो. निरपराध माणसाच्या दारात जाऊन ‘तू चोर’ म्हणण्यासारखी वाईट गोष्ट नाही, आणि माणूस खरोखर चोर निघाला तर धोका वेगळाच.

ठिकाण आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ठिपका हलला तर पुन्हा घ्या. ते घेऊन पोलिसांकडे जा. ठिपका हॉटेल, बसस्थानक, शाळा, देवस्थानाचे कार्यालय अशा ठिकाणी असेल तर मात्र खुशाल जा आणि काउंटरवर विचारा. हॉटेलात सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी चित्रण जपून ठेवायला सांगा, कारण जुन्यावर नवे चढत जाते.

बसमध्ये, फेरीबोटीत, रेल्वेत किंवा विमानतळावर राहिला असेल तर कुठे विचारायचे?

कदंब बस असेल तर त्या मार्गाच्या शेवटच्या बसस्थानकावरच्या नियंत्रकाला गाठा. तिकीट फेकले नसेल तर त्यावरची वेळ आणि मार्ग सांगता येतो, मग कंडक्टर शोधणे सोपे जाते. खासगी बसचे सोपे आणि अवघड दोन्ही: कार्यालय नाही, पण स्टँडवरचे सगळे एकमेकांना ओळखतात. ‘साडेनऊची साखळीची गाडी’ एवढे सांगितले तरी ड्रायव्हरचा नंबर मिळतो. पायलटच्या मागे बसून आला असाल तर त्याच्या नाक्यावरच परत जा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे हे लोक नाका धरून असतात.

फेरीबोट असेल तर धक्क्यावरच्या माणसांना विचारा. त्याच बोटी दिवसभर ये-जा करतात, त्यामुळे चोडणला राहिलेली वस्तू रायबंदरला मिळू शकते. फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या अखत्यारीत येतात, तिथेही कळवता येते.

रेल्वेसाठी १३९ हा क्रमांक आहे. गाडी चालू असतानाच लक्षात आले तर तिकीट तपासनीस किंवा रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला लगेच सांगा. गाडी नंबर, डबा, बर्थ सांगितला की पुढच्या स्थानकावर डबा तपासता येतो. प्रवाशांचे विसरलेले सामान परत करण्यासाठी सुरक्षा दलाची ‘ऑपरेशन अमानत’ मोहीम आहे. चोरीच असेल तर मडगावला कोकण रेल्वे पोलिस ठाणे आहे. दाबोळी किंवा मोपाला सुरक्षा तपासणीच्या ट्रेमध्ये टॅब राहणे हा नेहमीचा प्रकार, कारण तिथे तो पिशवीतून वेगळा काढावा लागतो. विमानात राहिला तर विमान कंपनीला विचारा, टर्मिनलमध्ये राहिला तर विमानतळाच्या हरवले-सापडले विभागाला.

हरवल्याची नोंद करायची की चोरीची तक्रार?

खरे काय ते सांगा. बस बदलताना विसरला, तर हरवल्याची नोंद; ती गोवा पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरूनही करता येते. बॅग कापली, गाडीची काच फोडली, स्कूटरची डिकी उघडून काढला, किनाऱ्यावरच्या शॅकच्या (तात्पुरत्या खानावळीच्या) टेबलावरून उचलला, तर चोरी. आणि चोरीचा एफआयआर व्हायला हवा. नव्या भारतीय न्याय संहितेत चोरीचे कलम ३०३ आहे आणि हातातून हिसकावून नेण्याला, म्हणजे स्नॅचिंगला, स्वतंत्र कलम ३०४ आहे. ‘हरवला असे लिहा, लवकर काम होईल’ असा सल्ला कोणी देईल. पण नुसत्या हरवल्याच्या नोंदीवर तपास होत नाही, आणि विमा असेल तर कंपनी चोरीचा एफआयआर मागते.

तक्रारीत कंपनी, मॉडेल, रंग, कव्हर, स्क्रीनवरचा तडा किंवा ओरखडा, सीरियल नंबर, असल्यास आयएमईआय (सिमच्या टॅबचा ओळख क्रमांक), जागा, वेळ आणि नकाशाचे स्क्रीनशॉट हे सगळे येऊ द्या. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती मागून घ्या.

पोलिस म्हणाले, ‘ही आमची हद्द नाही.’ आता?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये याचे उत्तर आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. तो पुढे योग्य ठाण्याकडे पाठवला जातो. हणजूणला टॅब चोरीला गेला आणि तुम्ही घरी सावंतवाडीला पोचलात, तरी तिथे तक्रार देता येते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन तिच्यावर सही करावी लागते, हे विसरू नका.

तक्रार घेतलीच नाही, तर लेखी तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. बहुतेक वेळा मात्र शांतपणे ‘झिरो एफआयआर करून द्या’ म्हटले आणि हातात कागदपत्रे असली की काम होते. आपली भाषा आणि आपले कागद जितके नेटके, तितके समोरच्यालाही नोंदवणे सोपे.

आयएमईआय ब्लॉक करणे म्हणजे काय? ते कुठे करायचे?

सिमची जागा असलेल्या प्रत्येक टॅबला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर सीईआयआर नावाची सोय आहे. तिथे हा क्रमांक दिला की देशातल्या कुठल्याही कंपनीचे सिम त्या टॅबमध्ये चालत नाही. ब्लॉक लागू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ही यंत्रणा प्रयोग म्हणून सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र आणि दादरा-नगर हवेलीबरोबर गोवाही त्यात होता. मे २०२३ मध्ये ती देशभर खुली झाली.

अर्जाला पोलिस तक्रारीची प्रत, आयएमईआय, ओळखपत्र, असल्यास बिल, आणि ओटीपी येईल असा मोबाइल नंबर लागतो. अडचण येते ती ओटीपीची. हरवलेल्या सिमच्या जागी नवे सिम घेतले की त्यावर एसएमएस सुरू व्हायला २४ तास लागू शकतात. तेवढा वेळ धरून चाला. अर्ज भरल्यावर जो रिक्वेस्ट आयडी मिळतो तो लिहून ठेवा. टॅब मिळाल्यावर ब्लॉक काढताना तोच लागतो. ब्लॉक केलेल्या टॅबमध्ये कोणी सिम घालून पाहिले तर त्याचा माग पोलिसांपर्यंत जातो, आणि टॅब परत मिळण्याची खरी आशा इथेच असते.

माझा टॅब नुसता वाय-फायचा आहे. त्याला आयएमईआय नाही म्हणतात.

बरोबर म्हणतात. त्याला फक्त सीरियल नंबर असतो, आणि सीईआयआर त्यावर चालत नाही. म्हणजे सरकारी ब्लॉकचा मार्ग तुम्हाला बंद. तुमच्या हाती राहते ते टॅबचे स्वतःचे कुलूप. आयपॅडवर त्याचे नाव ‘ॲक्टिव्हेशन लॉक’. ‘फाइंड माय’ चालू असेल तर आयपॅड पूर्ण पुसून काढला तरी तुमच्या पासवर्डशिवाय तो पुन्हा चालू करता येत नाही. अँड्रॉइडमध्ये ५.१ आवृत्तीपासून ‘फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन’ आहे: स्क्रीन लॉक आणि गूगल खाते असेल, तर जबरदस्तीने रीसेट केलेला टॅब जुन्या खात्याची खूण मागतो.

पण स्क्रीनला लॉकच नसेल, तर चोर सेटिंगमध्ये जाऊन सरळ रीसेट करतो आणि हे संरक्षण उपयोगी पडत नाही. मुलांना कंटाळा येतो म्हणून पिन काढून ठेवणाऱ्या आई-बाबांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे. सहा वर्षांचे मूलही सहा आकडे दोन दिवसांत पाठ करते.

टॅबमधले सिम लगेच बंद करू का?

हा एकच प्रश्न असा आहे की सरसकट उत्तर नाही. सिम बंद केले की टॅबचे नेट जाते आणि ठिपकाही जातो. सिम चालू ठेवले तर चोर ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला मिळू लागतात. तो नंबर बँकेशी, आधारशी किंवा ईमेलशी जोडलेला असेल, तर क्षणभरही थांबू नका. आधी कंपनीला फोन करून सिम बंद करा, ठिपका गेला तरी चालेल. नुसते डेटाचे सिम असेल आणि ठिपका हलताना दिसत असेल, तर पोलिसांशी बोलून थोडा वेळ चालू ठेवायला हरकत नाही.

सिमलाही स्वतःची पिन लावता येते. ती लावली असेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी उघडत नाही. लावताना सांभाळा, तीनदा चुकले की पीयूके क्रमांक मागते, आणि तो सिम कंपनीकडून घ्यावा लागतो.

बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप यांचे काय?

बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून त्या टॅबवरचे मोबाइल बँकिंग आणि यूपीआय थांबवा. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार होते, आणि गोवा पोलिसांचे सायबर गुन्हे ठाणे रायबंदरला आहे.

व्हॉट्सॲप टॅबवर बहुधा फोनला जोडून चालते. फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून टॅब काढून टाका. फेसबुक, इन्स्टाग्राम यांचेही तसेच.

गूगल खात्याचे मात्र उलट आहे. घाबरून लोक खात्याच्या यादीतून हरवलेल्या टॅबला साइन आउट करतात. केले की ‘फाइंड हब’चा धागा तुटतो. ठिकाण पाहणे, लॉक करणे, स्क्रीनशॉट घेणे हे आधी. गूगलचा पासवर्ड बदलणे त्यानंतर. आयपॅडचेही तेच: तो आपल्या खात्यातून ‘रिमूव्ह’ करायचा नाही, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉक निघून जातो आणि चोराचे काम तुम्हीच सोपे करून देता.

डेटा पुसून टाकू का?

आशा संपल्यावर, किंवा आत असे काही असेल की ते बाहेर जाणे टॅब जाण्यापेक्षा वाईट. अँड्रॉइड टॅब दुरून पुसला की तो ‘फाइंड हब’मध्ये दिसायचा थांबतो, आणि आतले मेमरी कार्ड पुसले जाईलच असे नाही. आयपॅडओएस १५ पासून पुढचे आयपॅड पुसल्यावरही नकाशावर दिसू शकतात. पिन चांगली असेल तर घाई नको, कारण आतला डेटा सांकेतिक रूपात असतो आणि पिनशिवाय तो वाचणे सोपे नाही.

‘तुमचा आयपॅड सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे लॉगिन करा’ असा एसएमएस आला.

लिंक उघडू नका. टॅब ज्याच्या हातात आहे त्याला त्याचे कुलूप काढायचे आहे आणि किल्ली तुमच्याकडे आहे. तुम्ही स्क्रीनवर ठेवलेल्या नंबरवरच हे संदेश येतात, म्हणून ते खरे वाटतात. लिंक उघडली की ॲपलसारखेच दिसणारे पान येते, तुम्ही पासवर्ड घालता आणि काही मिनिटांत आयपॅड तुमच्या खात्यातून नाहीसा होतो. कधी फोन येतो: ‘मी सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय, आयपॅड आमच्याकडे आला आहे, पासकोड सांगा म्हणजे तुमचाच आहे याची खात्री करतो.’ खऱ्या कंपनीचा माणूस पासकोड कधीच विचारत नाही. ज्याला खरोखर परत द्यायचा आहे, त्याला तुमचा पासवर्ड लागतच नाही. त्याला फक्त भेटायची जागा लागते, आणि ती जागा पोलिस ठाणे ठरवा.

वस्तू गेल्याच्या दुःखात असलेल्या माणसाला असे पकडणे ही फार नीच फसवणूक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवा, कारण संपर्काचा नंबर बहुधा त्यांचाच असतो.

टॅब मुलाचा आहे, किंवा शाळेचा, ऑफिसचा.

मुलाचे खाते गूगलच्या ‘फॅमिली लिंक’ने पालकांच्या खात्याला जोडलेले असेल तर पालकांच्या फोनवर टॅबचे ठिकाण दिसते. शाळेचा किंवा ऑफिसचा असेल तर त्याच दिवशी कळवा. त्यांच्याकडे टॅब दुरून बंद करण्याची सोय असू शकते, जी तुमच्याकडे नाही. रागावतील म्हणून मुले दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि वाय-फायच्या टॅबची बॅटरी तेवढ्यात संपते. पहिल्यांदा ‘सांगितलेस ते बरे केलेस’ म्हणा, बाकीचे नंतर.

टॅब अजून हातात आहे. आज काय करून ठेवू?

बिल आणि खोक्यावरचे लेबल यांचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. लेबलवर सीरियल नंबर असतो आणि सिमचा टॅब असेल तर आयएमईआयही. खोके फेकले असेल तर सेटिंगमध्ये ‘अबाउट’मध्ये दिसतात, डायलर असलेल्या टॅबवर *#०६# दाबूनही आयएमईआय दिसतो. निदान सहा आकडी पिन लावा. गूगलचे बॅकअप कोड, जे दहा असतात, कागदावर उतरवून कपाटात ठेवा. टॅबबरोबर सिमही गेले तर ओटीपीविना खात्यात शिरायचा तोच रस्ता उरतो. आयक्लाउडवर नुसते उपकरण शोधायचे असेल तर पासवर्डनंतरचा हा दुसरा कोड लागत नाही, ही ॲपलवाल्यांची सोय. फोटोंचा बॅकअप चालू करा.

मग एकदा रंगीत तालीम करा. टॅब आतल्या खोलीत ठेवा आणि बायकोच्या किंवा भावाच्या फोनवरून तो शोधून पाहा. कोणते खाते, कोणता पासवर्ड, कोणाला काय येत नाही, सगळे तिथल्या तिथे कळते.

आणि कव्हरच्या आत चिठ्ठी.

किनाऱ्यावर जाताना भाड्याच्या स्कूटरच्या डिकीत टॅब ठेवू नका. त्या डिक्या उघडायला फार कसब लागत नाही.

म्हापशाच्या बाजारात किंवा ऑनलाइन जुना टॅब स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बिल आणि विकणाऱ्याचे ओळखपत्र मागा. सिमचा टॅब असेल तर आयएमईआय तपासा: ‘केवायएम’, मग एक जागा सोडून १५ अंक, असा एसएमएस इंग्रजी अक्षरांत १४४२२ वर पाठवला की माहिती येते, काळ्या यादीतला निघाला तर सोडून द्या. वाय-फायचा असेल तर विकणाऱ्याला तुमच्यासमोर खात्यातून बाहेर पडून रीसेट करायला लावा आणि टॅब तुमच्या खात्याने चालू करून पाहा. ‘पासवर्ड नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणे हाही गुन्हा आहे.

मलाच कोणाचा तरी टॅब सापडला.

बंद पडला असेल तर चार्ज करा, स्क्रीनवर मालकाचा संदेश उमटू शकतो. सिम काढू नका, रीसेट करू नका. बसमध्ये सापडला तर कंडक्टरला देऊन त्याचे नाव विचारून ठेवा. रस्त्यात सापडला तर जवळच्या पोलिस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणे न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली येते.

पोलिसांनी टॅब पकडला. हातात कधी मिळणार?

एफआयआर झाला असेल तर टॅब मुद्देमाल ठरतो आणि न्यायालयाच्या आदेशाने सुटतो. बिल, ओळखपत्र आणि एफआयआरची प्रत लावून अर्ज करावा लागतो. कोणता अर्ज, कोणत्या न्यायालयात, ते तपास अधिकारी सांगतात. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तक्रारदाराला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. नुसती हरवल्याची नोंद असेल तर ठाण्यातूनच ओळख पटवून देतात.

टॅब हातात आला की आधी संचार साथीवर रिक्वेस्ट आयडी घालून ब्लॉक काढा, नाहीतर नवे सिम घालून ‘नेटवर्क का येत नाही’ म्हणून दुकानात खेपा होतात. मग टॅब पूर्ण रीसेट करा आणि बॅकअपमधून भरा. मधल्या काळात तो कोणाच्या हातात होता आणि त्याने आत काय घालून ठेवले, हे तुम्हाला माहीत नसते.